हाएनाच्या पार्किंगचा पास कुणाकडूनही विकत घेऊ नका

180 डॉलर बुडाले. 11 नोव्हेंबरला 120 आणि 12 नोव्हेंबरला 60. आकडे आधीच लिहितेय, कारण कुणाला पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी कळावं. हवाईत काउआई बेटावर हाएना स्टेट पार्क आहे. त्याचा पार्किंगचा पास पार्कच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. दुसऱ्या कुणाकडूनही घेऊ नका, माणूस कितीही सज्जन वाटला तरी. तो पास एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होतच नाही. हे मला गेटवर कळलं, मागच्या सीटवर आई-बाबा बसलेले असताना.

मागच्या वर्षी आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात आले होते. बाबा 71 वर्षांचे आहेत. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, सगळं पायांनी पाहिलेला माणूस. काउआईच्या नापाली कोस्टचे ते समुद्रकाठचे कडे त्यांनी कुठल्या तरी व्हिडिओत पाहिले आणि म्हणाले, "हे आपल्या कोकणकड्यासारखंच आहे, फक्त खाली समुद्र." तेव्हाच ठरवलं की ख्रिसमसच्या सुट्टीत त्यांना तिथे न्यायचं. हाएनातून सुरू होणारी कलालाऊ ट्रेल अकरा मैलांची आहे, ती पूर्ण करायचा प्रश्नच नव्हता. पहिला अर्धा मैल चढून गेलं की केए बीच आणि पलीकडची कड्यांची रांग दिसते, तेवढंच करायचं होतं. त्यासाठी बाबा महिनाभर रोज सकाळी घराजवळच्या तळ्याभोवती दोन फेऱ्या मारत होते, साताऱ्याहून आणलेले नवे बूट घालून.

तिथे गाडी घेऊन सहज जाता येत नाही, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. एप्रिल 2018 मध्ये त्या भागात भयंकर पाऊस झाला, दरडी कोसळल्या, रस्ता गेला. पार्क वर्षभराहून जास्त काळ बंद होतं. जून 2019 मध्ये उघडलं ते दिवसाला 900 माणसांची मर्यादा घालूनच. आधी तिथे दिवसाला तीन-तीन हजार लोक यायचे. मर्यादा योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला प्रवेशाचे 5 डॉलर आणि गाडीला एका स्लॉटचे 10 डॉलर. म्हणजे आम्हा पाच जणांचे सरळ हिशेबाने 35 डॉलर. बुकिंग 30 दिवस आधी उघडतं, हवाईच्या घड्याळाने रात्री बारा वाजता. हिवाळ्यात आपल्याकडे कॅलिफोर्नियात तेव्हा पहाटेचे दोन वाजलेले असतात. आणि सुट्टीच्या दिवसांतलं पार्किंग काही मिनिटांत संपतं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच जास्त जळफळाट होतो. 26 डिसेंबरचा पास हवा होता, म्हणून 26 नोव्हेंबरच्या पहाटे 1:50 चा अलार्म मी फोनमध्ये लावून ठेवला होता. नवरा दुसऱ्या लॅपटॉपवर बसणार होता.

तेवढ्यात 11 नोव्हेंबरला हवाईच्या प्रवासाच्या एका ग्रुपवर पोस्ट दिसली. "26 डिसेंबर, सकाळचा स्लॉट, पार्किंग आणि पाच जणांचा प्रवेश. सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं, आम्ही जाऊ शकत नाही. कुणाला उपयोग झाला तर बरं." अगदी आमचीच तारीख, आमचीच पाच माणसं. प्रोफाइल एका बाईचं होतं, दहा-बारा वर्षं जुनं. मुलांचे फोटो, कुत्रा, वाढदिवसाचे केक. मी तपासलं नाही असं कुणी म्हणू नये. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, चुका शोधायचाच मला पगार मिळतो. अर्धा तास ते प्रोफाइल खालपर्यंत चाळलं. कुणाचं तरी चोरलेलं अकाउंट असेल हे डोक्यात आलं नाही. त्या ग्रुपवर रोज कुणीतरी हॉटेलचं बुकिंग, बोटीची तिकिटं असं काही ना काही देत-घेत असतं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला पैसे दिल्यासारखं ते वाटलंच नाही.

तिने 120 मागितले. 35 चे 120 का, हे विचारलं. म्हणाली, आम्हीही एका एजंटकडून घेतला, आम्हाला तेवढाच पडला. मला वाटलं, पहाटे दोनची धडपड वाचते आणि बाबांचं नक्की होतं, तर 85 डॉलर जास्त गेले तरी चालतील. बँकेच्या ॲपमधून फोन नंबरवर थेट पैसे पाठवायचे होते. नंबर टाकला तर स्क्रीनवर एका पुरुषाचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाली, नवऱ्याचं खातं आहे. आपल्या घरीही व्यवहार असेच चालतात, म्हणून पाठवले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की व्हाउचरवर नाव बदलायला 60 डॉलर भरावे लागतील, गेटवर नाव जुळलं नाही तर सोडत नाहीत. हे तिनेच मला सांगितलं! खरा नियम सांगून त्याच नियमाच्या नावाखाली पैसे काढले. 60 पाठवल्यावर तासाभरात माझ्या नावाचं व्हाउचर आलं. वर पार्कचं नाव, खाली क्यूआर कोड, तारीख 26 डिसेंबर. मी ते प्रिंट केलं, फ्रिजवर लावलं आणि पहाटेचा अलार्म काढून टाकला.

आता मोजा. 11 नोव्हेंबर ते 26 डिसेंबर म्हणजे 45 दिवस. बुकिंग उघडतं 30 दिवस आधी. 26 डिसेंबरचा पास 11 नोव्हेंबरला जगात कुणाकडेच असू शकत नव्हता. एजंटकडे नाही, कुणाकडेच नाही. मी स्वतः ज्या तारखेचा अलार्म लावला होता, त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी एक बाई मला तो पास विकत होती. अलार्म आणि तिचा निरोप एकाच फोनवर होते. रात्री झोप मोडली की मला हेच आठवतं. नाव वेगळं आलं तिथे मी थांबले नाही, ते एक वेळ समजू शकते. किंमत जास्त होती, तेही सोडा. पण तारखेची साधी वजाबाकी मी केली नाही. कारण मला तो पास मिळालेला हवा होता, आणि मिळाल्यावर कोण वजाबाकी करतं?

26 तारखेला पोइपूहून सहा वाजता निघालो. बेटाच्या दक्षिण टोकाहून उत्तरेला दीड तासाचा रस्ता. हनालेईच्या पुढे एका वेळी एकाच बाजूची वाहतूक जाईल असे पूल आहेत, एका बाजूच्या पाच-सात गाड्या गेल्या की आपण थांबून समोरच्यांना जाऊ द्यायचं. बाबांना ते फार आवडलं. आकाश स्वच्छ होतं, डोंगरावरून पाण्याच्या धारा पडत होत्या, आई हात जोडून बसली होती.

गेटवरच्या मुलाने स्कॅनर लावला, लाल झाला. परत लावला, परत लाल. त्याने कागद हातात घेऊन खालचा नंबर टाइप केला आणि सांगितलं की हा उन्हाळ्यातल्या कुणाचा तरी वापरलेला पास आहे, ती माणसं येऊन गेली. मग त्याने 26 या आकड्यावर अंगठा ठेवून कागद माझ्यापुढे धरला. बाकीच्या अक्षरांपेक्षा ते दोन आकडे किंचित जाड होते. माझ्या नावाची अक्षरंही तशीच जाड. फ्रिजवर दीड महिना तो कागद होता आणि रोज दूध काढताना मी तो पाहत होते.

तो मुलगा वाईट वागला नाही. अशी फसून आलेली त्या सकाळची आम्ही दुसरी गाडी होतो म्हणाला. पण आत सोडता येत नव्हतं, मागे रांग होती, गाडी वळवायला सांगितलं. रस्त्याच्या कडेला लावून चालत जाऊ असं नवरा म्हणाला, तर त्याने स्पष्ट सांगितलं की टो होईल, आणि प्रवेशाचा पास नसेल तर चालत आलात तरी आत घेणार नाही. बाबा म्हणाले, "राहू दे गं, रस्ताच किती सुंदर होता." ते असं बोलले म्हणून मला आणखी रडू आलं. माझा मुलगा विचारत होता, आजोबा, आपण चोर आहोत असं त्यांना वाटलं का?

तिथे फोनला रेंज नसते. हनालेईला परत आल्यावर त्या बाईला मेसेज करायला गेले, तर अकाउंट गायब.

आता बँकेचं ऐका. त्याच रात्री फोन केला, 47 मिनिटं होल्ड. पहिला प्रश्न: "पैसे तुम्ही स्वतः पाठवले का?" हो म्हटलं, आणि तिथेच विषय संपला. कुणी माझा पासवर्ड चोरून पैसे काढले असते तर कायद्याने भरपाई मिळते. पण मला फसवून माझ्याच हाताने पाठवायला लावले तर तो माझा व्यवहार. मी म्हटलं, निदान समोरचं खातं गोठवा, तुमच्याकडे नंबर आहे, नाव आहे. ते म्हणाले, समोरच्या ग्राहकाच्या गोपनीयतेमुळे काही सांगता येणार नाही. चोराची गोपनीयता! आणि माझं काय? तीन जणांकडे फोन फिरवला, तिघांना पहिल्यापासून गोष्ट सांगितली, तिघांनी "आय अंडरस्टँड युवर फ्रस्ट्रेशन" म्हटलं. दहाव्या दिवशी पत्र आलं, क्लेम नामंजूर, खाली सही नाही. व्हाउचरच्या प्रती, चॅटचे स्क्रीनशॉट, सगळं जोडून पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच पत्र आलं, फक्त वरची तारीख बदललेली. तेवीस वर्षं त्या बँकेत माझं खातं आहे. पहिला पगार तिथे जमा झाला, घराचं कर्ज तिथलंच. 120 डॉलर एका नव्या नंबरवर चालले होते तेव्हा त्यांच्या ॲपने "या माणसाला ओळखता का" म्हणून एक बटण दाखवलं, मी दाबलं, आणि आता त्या बटणाकडे बोट दाखवून हे मोकळे.

दोन ठिकाणच्या पोलिसांना फोन केला. एक म्हणाले, जिथे फसवणूक उघड झाली तिथे नोंदवा. दुसरे म्हणाले, पैसे जिथून गेले तिथे. शेवटी एक ऑनलाइन फॉर्म भरून घेतला आणि नंबर दिला. त्या नंबरावर आजपर्यंत कुणी बोललेलं नाही. सोशल मीडियावर त्या पोस्टची तक्रार केली, वीस मिनिटांत उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. माणसाने वाचलंच नसणार. ग्रुपवर इशारा लिहिला, तर ॲडमिनने माझीच पोस्ट काढली, "पुराव्याशिवाय आरोप". पुरावे त्यांना खाजगीत पाठवले, ते न वाचलेलेच पडून आहेत. 180 डॉलर कुणाला मोठी रक्कम वाटत नसेल. पण त्या एका सकाळी माझ्या आधी आणखी एक गाडी फसलेली होती, आणि असे दिवस वर्षात किती असतील.

मित्रमंडळींतल्या दोघांनी विचारलं, "तुमच्याकडे नॅशनल पार्कचा वार्षिक पास होता ना, तो का नाही दाखवला?" तो पास केंद्र सरकारच्या जागांसाठी असतो, स्टेट पार्कात चालत नाही. आणि पास असणं वेगळं, पार्किंगची जागा राखून ठेवणं वेगळं. आपल्या जवळच्या म्यूर वूड्सच्या जंगलात, ती केंद्राची जागा आहे म्हणून, तो वार्षिक पास प्रवेशाला चालतो, पण पार्किंगचं बुकिंग 2018 पासून वेगळं करावंच लागतं, आणि तिथेही रेंज नसते म्हणून ते आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. हवाईतच ओआहू बेटावर डायमंड हेड या स्टेट पार्कला मे 2022 पासून बाहेरच्यांना बुकिंगशिवाय सोडत नाहीत, तिथेही 5 आणि 10 डॉलरच. कुणी त्याचे 40 मागत असेल तर ती साइट पार्कची नाही. सर्चमध्ये सगळ्यात वर "जाहिरात" लिहिलेल्या साइट येतात, त्यांच्यावर क्लिक करू नका. हवाई राज्याच्या पार्क खात्याच्या पानावरून पुढे जा.

हाएनाचं पार्किंग संपलं असेल तर तिथे नेणाऱ्या शटल बसच्या जागा बघा, त्यात प्रवेश धरलेला असतो. महाग पडते, पण खरी असते. मी नोव्हेंबरात शटल घेतली असती तर बाबा वर गेले असते. पैसे द्यायचेच असतील तर क्रेडिट कार्डाने द्या, तिथे निदान भांडायला जागा असते. फक्त थेट ट्रान्सफर चालेल म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका. फसलात तर एफबीआयच्या आयसी3 या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींच्या साइटवर तक्रार नोंदवा, लाज वाटली तरी. मी नवऱ्याच्या बहिणीपासून हे दोन महिने लपवलं. ती पुढच्या महिन्यात तिथेच जाणार आहे हे कळल्यावर सांगितलं, आणि मग हे लिहायला बसले.

27 ला आम्ही काउआईवरच्याच कोकेए स्टेट पार्कला गेलो. तिथेही तेच दर आहेत, पण आधी बुकिंग लागत नाही, तिथल्या तिथे भरता येतात. कलालाऊ लुकआउटवर ढग होते. बाबा कठड्याला धरून चाळीस मिनिटं उभे राहिले, ढग दोनदा बाजूला झाले, खाली दरी आणि तोच समुद्र दिसला. बूट त्यांनी इथेच ठेवलेत, पुढच्या वेळेसाठी.

काल, 2 मार्चला, त्याच ग्रुपवर नवी पोस्ट आली. प्रोफाइल दुसरं. हाएना, सकाळचा स्लॉट, चार जण, घरात अचानक आजारपण. तारीख 15 एप्रिल. खाली तिघांनी "अजून आहे का?" विचारलंय. मी त्या तिघांनाही लिहिलंय. पोस्ट आत्ता हे लिहितानाही तिथेच आहे.