डोळे तपासणी सेंटर, निपाणी तालुका: चार स्टार, आणि पाचवा का कापला ते

सेंटरचं नाव टाकत नाही, कारण पुढं थोडी तक्रार पण आहे आणि आमच्या भागात कोण कुणाचा पाहुणा निघंल सांगता येत नाही. ओळखणारे ओळखतीलच. एका मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलची ही खेड्यातली शाखा, दोन खोल्या, एक तपासणारी मुलगी, एक चष्मे देणारा पोरगा आणि भिंतीवर टीव्ही, त्या टीव्हीवर हॉस्पिटलातले डॉक्टर व्हिडिओनं येतात. मला सुरवातीला वाटलं हे काय टीव्हीवरचं डॉक्टर, खरं ही पद्धत काय नवीन नाही, मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलची अशी व्हिडिओवाली गावाकडची सेंटरं कित्येक वर्षं चालू आहेत. ते हॉस्पिटल पण डॉ. व्यंकटस्वामींनी सरकारी नोकरीतनं रिटायर झाल्यावर १९७६ ला ११ खाटांवर सुरू केलेलं. असो.

पेशंट माझी आई. वय ५८, शुगर आहे, आणि तीस-पस्तीस वर्षं झाली विड्या वळत्या. आता निपाणी, कर्नाटकात खरं मराठी बोलणारं, म्हटलं की तंबाखू आणि विडी हे काय वेगळं सांगायला नको. सकाळी अंगणात सूप मांडीवर घेऊन बसली की दुपारपर्यंत मान वर नाही. मी कागलच्या एमआयडीसीत कामाला, सकाळी जातो रात्री येतो, त्यामुळं तिला दिसायला त्रास होतोय हे मला लई उशिरा कळलं, आणि कळलं ते पण छाटीवरनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कारखान्यात विड्या मोजून घेताना जी विडी वाकडी, ढिली, तोंड नीट न मोडलेली असते ती बाजूला काढतात, तिला छाट म्हणतात आणि तिचे पैसे मिळत नाहीत. आईची छाट वाढायला लागली. ती म्हणायची पानं बेकार आलीत. दोन महिने पानांवरच ढकललं तिनं.

त्याच्या आधीचं एक सांगायलाच पाहिजे, नाहीतर या सेंटरचं कौतुक का करतोय ते कळणार नाही. वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी (तेही नाव नको) शिबिरात तिला नेलं होतं. मी बाहेर चहा प्यायला गेलो, चूक माझीच. आत भिंतीवर कन्नड अक्षरांचा तक्ता. तपासणारा म्हणाला "ओदी, ओदी", म्हणजे वाचा. आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, कन्नड बाजारापुरतं फाडफाड बोलते खरं वाचायला एक अक्षर येत नाही. आता चारचौघांत मला वाचायला येत नाही म्हणायची लाज, म्हणून ती गप्प बसली. गप्प बसली म्हणजे दिसत नाही, असा हिशेब. कागदावर दोन्ही डोळ्यांना ६/३६ लिहिलं आणि "मोतीबिंदू असंल, ऑपरेशनला नाव द्या". ६/३६ म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला ३६ मीटरवरनं दिसणारं अक्षर तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतंय. आणि ही बाई रस्त्यापलीकडनं येणारी एसटी कर्नाटकाची का महाराष्ट्राची ते रंगावरनं नाही, पाटीवरच्या मराठी अक्षरावरनं सांगते! पण कागद आला आणि वर्षभर ती ऑपरेशनच्या भीतीनं कुणाला काय बोललीच नाही, घरात विषय काढला की देवघरात जाऊन बसायची.

तर या सेंटरमध्ये पहिला प्रश्न तपासणाऱ्या मुलीनं काय विचारावा? "मावशी, काम काय करता?" मुलगी चिकोडीकडची, घरची भाषा कन्नड, मराठी मोडकं खरं गोड. विड्या म्हटल्यावर म्हणाली कसं धरता दाखवा, सूप कुठं असतं, मांडीवर का टेबलावर. मी मनात म्हटलं डोळे बघायचे सोडून हे काय. नंतर कळलं की जवळचा नंबर हा कामाच्या अंतरावर काढायचा असतो. पेपर वाचणाऱ्याचं अंतर वेगळं, शिवणवाल्याचं वेगळं, मांडीवरच्या सुपाचं आणि वेगळं. चष्म्याच्या दुकानात नुसतं वय विचारून चष्मा हातात देतात तिथं ही भानगडच नाही.

मग तक्ता. इथं पण भिंतीवर कन्नड तक्ताच होता आणि माझं टाळकं सरकायला लागलं होतं, तेवढ्यात तिनं दुसरा काढला, इंग्रजी ई चा, वर-खाली-डावीकडं-उजवीकडं फिरवलेला. "मावशी, ई चं दात कुठल्या बाजूला हाय ते हातानं दाखवा." बास. ना मराठी ना कन्नड, ना शाळा पाहिजे. आईनं तीन बोटं पसरून धडाधड दाखवलं, खालनं दुसऱ्या ओळीपर्यंत गेली. खोली लहान म्हणून तक्ता समोर नाही, डोक्यामागं आणि समोर आरसा, त्यात बघायचं, म्हणजे तीन मीटरच्या खोलीत सहा मीटर होतंय. पहिल्यांदा आई आरशात बघून पदरच नीट करायला लागली, ते एक हसणं झालं.

नंतर बारीक बारीक भोकं असलेली काळी चकती एका डोळ्यापुढं धरली. आई म्हणाली चाळणीतनं बघ म्हणत्यात. याचा अर्थ मुलीनं मला सांगितला तो मला लई आवडला, भोकातनं बघून जास्त स्पष्ट दिसलं तर दोष बहुतेक चष्म्याच्या नंबराचा, नाही दिसलं तर आत काहीतरी वेगळं बघायला पाहिजे. एवढी साधी वस्तू, आणि शिबिरात ई च्या तक्त्याबरोबर ती वापरली असती तर वर्षभराचं टेन्शन वाचलं असतं.

शुगर आहे म्हणून ड्रॉप टाकून डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला, तो डॉक्टरांना गेला. ड्रॉपनंतर काही तास उन्हात डोळे दिपतात, टू-व्हीलरवर मागं बसवून आणताना आई डोक्यावर पदर ओढून गप्प, तेव्हा टोपी-गॉगल काहीतरी न्या. डॉक्टर टीव्हीवर आले, मराठी स्वच्छ बोलले (कोल्हापूरकडचे वाटले), म्हणाले पडदा चांगला आहे, तरी शुगरवाल्यांनी दरवर्षी दाखवायचं कारण पडदा बिघडायला लागला तरी सुरवातीला माणसाला काय जाणवत नाही. मोतीबिंदू अगदी सुरवातीचा आहे, आत्ता काय करायची गरज नाही. आईनं विचारलं पिकला की येऊ का. तर म्हणाले पिकायची वाट बघायची ती जुनी गोष्ट, कामाला अडायला लागलं की या. आणि खरा प्रॉब्लेम काय निघाला? चाळिशी! ५८ व्या वर्षी साधी चाळिशी, जी खरं तर पंधरा वर्षांपूर्वी लागायला पाहिजे होती. डोळ्यातलं भिंग वयानं कडक होतंय, जवळचं बघायला जे फुगायला पाहिजे ते फुगत नाही, एवढंच. आपल्या भाषेत वयावरनंच नाव पडलंय त्याला आणि आपणच विसरतोय.

त्या रात्री मी मोबाईलवर शोधत बसलो कारण मला पटतच नव्हतं की एवढ्याशा काचेनं कामात फरक पडंल. तर सापडलं काय, आसामच्या चहाच्या मळ्यात २०१८ ला छापून आलेला अभ्यास, चाळिशीपुढचे ७५१ मजूर, निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा आणि निम्म्यांना अभ्यास संपल्यावर, आणि चष्मेवाल्यांची पानं तोडायची क्षमता दुसऱ्यांपेक्षा जवळजवळ २२ टक्के जास्त वाढली. पन्नाशीपुढच्यांची तर ३० च्या वर. तिकडं बांगलादेशात पण खेड्यातल्या ८०० च्या वर लोकांवर तसंच केलं, २०२४ ला आलं ते, आठ महिन्यांत चष्मेवाल्यांची कमाई तिसऱ्या हिश्श्यानं जास्त. चहाची पानं आणि विडीची पानं, मला दोन्हीत काय फरक वाटला नाही. जगात ८० कोटींच्या वर लोकांना फक्त हा जवळचा चष्मा नाही म्हणून जवळचं दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या रिपोर्टात आहे. ऑपरेशन नको, औषध नको, नुसता चष्मा.

आमच्या घरचा आकडा विचाराल तर आई आधी दिवसाला सातशेच्या आसपास वळायची, आता साडेआठशेला जाते, आणि छाट निम्म्यावर आली. हा काय अभ्यास नव्हे, पावसाळा संपल्यावर पान पण चांगलं आलं असंल. खरं संध्याकाळचं डोकं दुखायचं ते बंद झालं, त्याचं श्रेय पानाला देता येत नाही.

खर्च: तपासणी ५० रुपये, फोटोचे वेगळे घेतले नाहीत, चष्मा २८०. बाजारात रस्त्यावर १२० ला तयार चष्मे मिळतात हे मला माहीत आहे आणि ते वाईटच असतात असं मी म्हणत नाही, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असंल आणि तिरकस नंबर (सिलिंडर म्हणतात तो) नसंल तर भागतंय. पण तिथं पडदा कोण बघणार, काचबिंदू कोण बघणार? तो तर गुपचूप येतो आणि गेलेली नजर परत येत नाही.

आता तक्रारी. चष्मा चार दिवसांत म्हणाले, बारा दिवसांनी मिळाला, मध्ये दोन फेऱ्या फुकट. मिळाला खरं काडी ढिली, खाली बघितलं की नाकावरनं सुपात. विड्या वळणाऱ्या बाईचा चष्मा खाली बघूनच वापरायचा असतो, हे काम विचारून घेतलेल्या माणसांना सुचायला पाहिजे होतं. आता आईनं मागनं दोरा बांधलाय, विडीचाच. फ्रेममध्ये बायकांसाठी दोनच रंग.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि ती सेंटरची नाही, त्यांच्या हॉस्पिटलची. आमच्या शेजारच्या तात्यांना इथनंच मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाठवलं. तिथं काउन्सेलर बाईंनी तात्यांना बसवून सांगितलं की फ्री मधलं ऑपरेशन साधं असतंय, मशीनचं करून घ्या, घडीची लेन्स, पॅकेज इतकं इतकं. तात्या घाबरून म्हैस विकायच्या गोष्टी करायला लागले. मग मी परत मोबाईल काढला. आपल्या पुण्यातच, २००५ ला छापून आलेला अभ्यास आहे, ४०० डोळे, निम्म्यांचं मशीननं म्हणजे फेको आणि निम्म्यांचं लहान चिरेचं हातानं केलेलं. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याची नजर मशीनवाल्यांची जास्त जणांत चांगली, ८१ टक्के विरुद्ध ७१. खरं चष्मा लावल्यावर? दोन्हीकडं शंभरात अठ्ठ्याण्णव. दोन्ही पद्धती सुरक्षित. म्हणजे ज्याच्याकडं पैसे आहेत त्यानं मशीनचं जरूर करावं, चष्म्याची गरज कमी पडंल, माझं काय म्हणणं नाही. पण तात्यांसारख्या माणसाला, जो तसाही चष्मा लावणारच आहे, "साधं" हा शब्द असा तोंड वाकडं करून सांगू नये. तात्यांनी फ्री मधलं केलं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि घरी येऊन पहिली चौकशी केली ती भिंतीला ओल कधीपासनं आली याची. म्हैस गोठ्यात आहे.

तिसरं, भाषा. हे मला भांडण म्हणून लिहायचं नाही. कर्नाटकात आहे म्हटल्यावर कन्नड पाटी असणारच, असूदे. पण ड्रॉप कधी किती वेळा टाकायचे तो कागद फक्त कन्नडमध्ये, सही घेतात तो फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, आणि बाहेर बसलेल्या वीस पेशंटमध्ये पंधरा मराठी. तात्यांच्या सुनेनं दिवसातनं सहा वेळाचे ड्रॉप पहिले दोन दिवस तीनदाच टाकले, कारण कागद वाचता आला नाही आणि परत विचारायची लाज, आईसारखीच. ऑपरेशन कितीबी चांगलं करा, पुढं ड्रॉपच चुकले तर काय उपयोग. एक पान मराठीत छापायला किती लागतंय? मी मुलीला सांगितलं, ती म्हणाली सर, वर कळवलंय. पुढच्या वेळेला गेलो तर तिनं स्वतःच्या हातानं, सूर्य आणि चंद्र काढून, ड्रॉपचा तक्ता करून झेरॉक्स ठेवल्या होत्या. सकाळ सूर्य, रात्र चंद्र, मध्ये जेवणाचं ताट. हॉस्पिटलनं नाही केलं, तिनं केलं. म्हणून चार स्टार, नाहीतर तीनच देणार होतो.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी दहाच्या आत जावा, शनिवारी दुपारनंतर टीव्हीवर डॉक्टर नसतात, मुलगी एकटीच असते. शुगरचे कागद आणि जुना चष्मा असंल तर न्या. आणि जवळचा नंबर काढायचा असंल तर आपल्या कामाचं सामान सोबत घेऊन जावा, आई दुसऱ्या वेळेला सूप, चार पानं आणि चिमूटभर तंबाखू घेऊन गेली होती, तिथंच बसून दोन विड्या वळल्या आणि मगच म्हणाली, हां, आता बरोबर दिसतंय.