31 हजार चाललेली हायब्रिड घेतली, त्याला नऊ महिने झाले

फेब्रुवारीत जुनी हायरायडर घेतली. टोयोटाची, स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी), 2022 अखेरची, पहिल्या मालकाची. तेव्हा मीटरवर 31 हजार होते, आज 44 हजार आहेत. राहतो डिचोलीला, ऑफिस पणजीत पाटोवर. म्हणजे रोजचे साठेक किलोमीटर, वर महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव, कारण सासुरवाडी तिकडे.

घेताना मला एकच भीती होती, बॅटरीची. ओळखीतल्या प्रत्येकाने तेच विचारलं. "बॅटरी गेली तर लाखभर रुपये कोण देणार?" नऊ महिन्यांनंतर सांगतो, मोठ्या बॅटरीने मला एक दिवसही त्रास दिलेला नाही. त्रास झाला तो गाडी आधी महिनोन् महिने न चालवता उभी राहिल्याचा, आणि त्याकडे मी बघितलंच नव्हतं.

आधीचे मालक बोटीवर कामाला. सहा महिने बोटीवर, चार महिने घरी. गाडी विकणाऱ्याने हे कौतुकाने सांगितलं, "चाललीच नाही हो फारशी!" आणि मीही खूश झालो. सव्वादोन वर्षांत 31 हजार, आणखी काय पाहिजे? पण गोव्याच्या पावसात समुद्राकडच्या गावी, पत्र्याच्या शेडखाली महिनोन् महिने उभी असलेली गाडी आणि रोज पणजीला जाऊन येणारी गाडी यांत दुसरी बरी, हे मला पुढे कळलं.

पहिला झटका मार्चमध्ये. चार दिवस गावी जाऊन आलो, सोमवारी सकाळी बटण दाबलं तर डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकले, आतून कुठून तरी टिकटिक आली आणि सगळं थंड. 'रेडी'चा हिरवा दिवा लागेना. मला वाटलं, आली ती वेळ. बाबा गॅलरीतून विचारतायत, "सेल्फ मारून बघ ना." या गाडीला सेल्फ नाही हे त्यांना अजून पटलेलं नाही. शेजारच्या पोराने जंपर केबल आणली, त्याच्या गाडीची बॅटरी जोडली आणि दोन मिनिटांत आमची गाडी जागी झाली. गेली होती ती साधी 12 व्होल्टची बॅटरी. हायब्रिडमध्ये हीच गंमत आहे. मोठी बॅटरी ठणठणीत असली तरी गाडीतले कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले ही छोटी बॅटरीच चालवते. ती झोपली की सगळी गाडी झोपली. मूळची बॅटरी महिनोन् महिने उपाशी राहून आतून संपली होती. नवी टाकली, प्रश्न मिटला. आता कुठे जायचं असलं तर घरी सांगून जातो, आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी'वर ठेवा, नुसती चावी फिरवल्यासारखं बटण दाबून उपयोग नाही.

दुसरा, उंदीर. पहिल्या सर्व्हिसला गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा इंजिनाच्या कोपऱ्यात नारळाच्या काथ्याचं व्यवस्थित घरटं निघालं. सेन्सरच्या दोन वायरी कुरतडलेल्या, एकीवर चिकटपट्टी गुंडाळलेली. म्हणजे कुणीतरी आधी बघितलं होतं आणि झाकलं होतं. दुरुस्तीला 4,200 रुपये गेले, विकणाऱ्याने फोन उचलला नाही. नशीब, नारंगी केबलांना दात लागले नव्हते. त्या उच्च दाबाच्या. आमचा गावचा मेकॅनिक म्हणतो, "नारंगी वायर दिसली की मी हात खिशात घालतो." आणि बरोबर करतो.

तिसरी गोष्ट ब्रेक. हायब्रिडमध्ये पाय ब्रेकवर ठेवला की आधी मोटरच जनित्र होऊन गाडी हळू करते, डिस्कला पॅड घासायची वेळ कमी येते. त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, ते खरंच. माझे आजही अर्ध्याहून जास्त आहेत. पण खाऱ्या हवेत न घासलेली डिस्क गंजते. माझ्या मागच्या दोन्ही डिस्कवर बोटाला लागतील असे खड्डे होते आणि एका कॅलिपरची पिन जाम. जुनी हायब्रिड बघायला जाल तर चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारा, डिस्क बघा. किलोमीटर कमी आणि डिस्क लालभडक असली तर गाडी उभी होती, मीटर काहीही सांगो.

आता चांगलं. मायलेजसाठी घेतली होती आणि त्यात फसलो नाही. कंपनीचा दावा 27.97 चा. माझा हिशेब टाकी फुल ते टाकी फुल, वहीत लिहून. म्हापसा–पर्वरीच्या ट्रॅफिकमधून रोजचा प्रवास 23 ते 24. हायवेला शंभरच्या आसपास धरली तर 20–21. चोर्ला चढताना मीटरवर 14 दिसतं, तिकडे बघूच नये. आधीची गाडी 13 द्यायची. तेरा हजार किलोमीटरमध्ये चारशे लिटर पेट्रोल वाचलं, 97 च्या भावाने चाळीसेक हजार रुपये.

खरी मजा पर्वरीच्या चिकटलेल्या रांगेत. सगळे घामाघूम होऊन फर्स्ट–क्लच–फर्स्ट करतात, तिथे ही नुसत्या मोटरवर सरकते. एसी चालू, इंजिन बंद. फक्त एक सवय मोडावी लागली. रांगेत गाडी न्यूट्रलला टाकायची. न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही, 'डी'वरच ब्रेक दाबून थांबायचं. बाबा मात्र अजून हळूच न्यूट्रल करतात आणि वर मलाच सांगतात, "असं गाडी जास्त जगते."

घरी जाताना कधी मये–चोडणवरून फेरीबोटीने जातो. पहिल्यांदा उतारावरून बोटीत चढवली तर हात दाखवणारा माणूस काचेवर टकटक करून म्हणाला, "पात्रांव, गाडी बंद पडली?" बंद नव्हती, आवाज नव्हता. आणि मग मध्य पात्रात, सगळे शांत उभे असताना, बॅटरी उतरली म्हणून इंजिन आपोआप घरघरलं. बाजूचा स्कूटरवाला दचकला.

घाटाबद्दल थोडं सविस्तर, कारण हे कुणी सांगत नाही. बॅटरी आहे जेमतेम 0.76 युनिटची. बेळगावहून येताना चोर्ला उतरू लागलात की तीन-चार वळणांत ती भरते. मग मोटरला वीज ठेवायला जागा उरत नाही आणि गाडी वेग धरायला इंजिन जोरात फिरवते, पेट्रोल न जाळता. आवाज मात्र असा येतो की पहिल्यांदा बायकोने "काय तुटलं?" विचारलं. काही तुटलेलं नसतं. लिव्हर 'बी'वर टाकायचा आणि शांतपणे उतरायचं. क्लच नाही, पट्टा नाही, गिअर म्हणजे एकच ग्रहमालेसारखा संच, त्यामुळे त्या बाजूने झिजायला फारसं काही नाही.

डिकी लहान, कारण बॅटरी तिथेच खाली. कागदावर 265 लिटर. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचं) सामान, नारळ आणि दोन बॅगा टाकल्या, तिसरी बायकोच्या मांडीवर आली. मोठं कुटुंब असेल तर आधी डिकी उघडून बघा, मग रंग बघा.

कागदांचं म्हणाल तर हायब्रिड बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर. ती माझ्या नावावर पुढे चालू राहते का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घेतलं, तोंडी नाही. तिथेच स्कॅनर लावून बॅटरीच्या ब्लॉकनिहाय व्होल्टेजचा प्रिंटही काढला. 2022 अखेर आणि 2023 च्या जानेवारीत या मॉडेलच्या काही गाड्या सीटबेल्टच्या भागासाठी आणि एअरबॅग कंट्रोलरसाठी परत बोलावल्या होत्या, म्हणून चासी नंबर देऊन तेही तपासून घेतलं. गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30 आणि विम्याचं नाव बदलणं चौदा दिवसांत उरकलं. आधीच्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, विकणारा काहीही म्हणो. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची रेंट-अ-कॅब म्हणून फिरलेली गाडी नंतर खाजगी करून विकायला येते, तेव्हा आरसीवरचा इतिहास बघाच.

किंमत 13.25 लाख दिली. 2022 मध्ये ही नवी जी व्हर्जनमध्ये 17.49 लाखांना होती, शोरूम भावाने. 2025 च्या सप्टेंबरात जीएसटी बदलला, चार मीटरहून लांब हायब्रिडवर सेस धरून 43 टक्के होता तो 40 झाला, नवीचे भाव उतरले आणि माझ्या पोटात दुखलं. आज घ्यायची असती तर 12 च्या वर गेलो नसतो.

परवा मेहुण्याने बेळगावहून फोटो पाठवला, तीन वर्षांची हायब्रिड, मीटरवर फक्त 12 हजार. "सोडू नको म्हणतोय दलाल." मी त्याला मागच्या चाकाच्या डिस्कचा फोटो मागितलाय. अजून आलेला नाही.