स्नॅपसीडचं ब्लॅक अँड व्हाइट टूल: कासच्या फोटोंवर वापरून बघितलं

सप्टेंबरात कासला गेलो होतो, तेरडा नुसता पसरलेला, मधेमधे सोनकीचे पिवळे पट्टे, मोबाईलवर भरपूर फोटो काढले आणि घरी आल्यावर त्यातले दहा-बारा ब्लॅक अँड व्हाइट करायला घेतले. फुलांच्या फोटोतले रंग कशाला घालवतोस असं घरच्यांनी विचारलंच, पण मला त्या पठाराचा उतार आणि त्यावर टेकलेला ढग हवा होता.

आधी सगळे करतात तेच केलं, सॅच्युरेशन पार खाली ओढलं. फोटोतला जीवच गेला. तेरड्याचा गुलाबी आणि गवताचा हिरवा डोळ्याला कितीही वेगळे दिसले तरी दोन्हीचा उजळपणा जवळपास सारखाच असतो, त्यामुळे रंग काढला की दोन्ही एकाच करड्यात जातात आणि फुलं गवतात गायब होतात.

मग स्नॅपसीड उघडलं. गुगलचं अ‍ॅप आहे, मूळचं निक सॉफ्टवेअरचं, २०१२ मध्ये ती कंपनी गुगलने घेतली. फुकट आहे, जाहिराती नाहीत. त्यात ब्लॅक अँड व्हाइट नावाचं टूल आहे आणि खरी मजा त्यातल्या रंगाच्या फिल्टरमध्ये आहे: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. फिल्म वापरणारे लेन्सवर रंगीत काच लावायचे ना, तेच हे. लाल निवडला आणि फोटो एकदम उघडलाच! तेरडा पांढरट झाला, सोनकी पण उजळली, गवत खाली गडद बसलं, आणि निळं आभाळ काळवंडून ढग पुढे आला. हिरवा लावून बघितला तर बरोबर उलट, गवत उजळ आणि तेरडा काळपट. तोच फोटो, तोच क्षण, पण दोन वेगळी पठारं वाटतात.

आता एक युक्ती सांगतो, मला ती फार उपयोगी पडली. आभाळासाठी लाल हवा आणि गवतासाठी हिरवा, असं बऱ्याचदा होतं. तर आधी लाल फिल्टर लावायचा, मग व्ह्यू एडिट्समध्ये, म्हणजे केलेल्या बदलांच्या यादीत, जाऊन त्या स्टेपचा ब्रश उघडायचा आणि तो बोटाने फक्त आभाळावर फिरवायचा, म्हणजे फिल्टर तेवढ्यावरच लागतो. खालचं पठार अजून रंगीतच राहतं. मग पुन्हा ब्लॅक अँड व्हाइट, यावेळी न्यूट्रल (साधा, जास्तीचा इफेक्ट नसलेला प्रकार) घेऊन हिरवा फिल्टर, अख्ख्या फोटोवर. आभाळात रंगच उरलेला नसतो त्यामुळे हिरव्या फिल्टरचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. डोंगराच्या कडेला मात्र झूम करून हळू हात फिरवा, नाहीतर तिथे पांढरी रेघ राहते.

कमी काय आहे तर प्रत्येक रंगाला वेगळा स्लायडर नाही, लाइटरूम या अडोबीच्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तसे आठ मिळतात आणि तिथे फक्त पिवळा थोडा वर, फक्त निळा थोडा खाली असं बारीक काम होतं. रोज प्रिंट काढणाऱ्याने तिकडेच जावं. आणि जेपेग (फोन नेहमी काढतो ती दाबून लहान केलेली फाइल) फोटोवर लाल फिल्टर लावून आभाळ फार काळं केलं की त्यात दाणे आणि डाग दिसायला लागतात, त्यात अ‍ॅपचा दोष नाही, जेपेगमध्ये तेवढी माहितीच नसते. फोनमध्ये रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची सगळी माहिती जपणारा फोटो, चालू असेल तर त्याची डीएनजी फाइल काढा, स्नॅपसीड ती उघडतं.

एक फोटो बारा बाय अठरा करून घेतला. पहिला प्रिंट जांभळट आला, कारण लॅबवाल्याने नेहमीच्या कलर मशीनवर तसाच सोडला होता. दुसऱ्यांदा आधी छोटा टेस्ट प्रिंट मागितला, तो खिडकीपाशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघितला आणि मगच मोठा काढायला सांगितला. आता तो हॉलमध्ये लावलाय, आणि तेरडा त्यात वेगळा ओळखू येतो.