चाळिशीत फॅशन डिझायनर व्हायचे असेल तर : नागपुरातून दिसणाऱ्या तीन वाटा

नोकरी आणि संसार मार्गी लागल्यावर लहानपणीचे फॅशन डिझायनर होण्याचे स्वप्न पुन्हा हाती घेऊ पाहणाऱ्या नागपूरकरासमोर ढोबळमानाने तीन वाटा असतात. डिझाइनची पदवी घ्यावी, आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा, किंवा एखाद्या चांगल्या मास्टरजींच्या, म्हणजे मुरलेल्या शिंप्याच्या, हाताखाली बसून काम शिकावे. महिन्या-दोन महिन्यांचे खासगी क्लास मी मुद्दाम वगळले आहेत, कारण तेथे शिकवणारी व्यक्ती कोण आहे यावरच सगळे अवलंबून असते आणि एका क्लासवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

पदवीचा विचार बहुतेकांच्या मनात प्रथम येतो आणि त्याचा निकालही सर्वांत लवकर लागतो. १९८६ साली स्थापन झालेल्या निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) चार वर्षांच्या बी.डेस. या पदवी अभ्यासक्रमासाठी प्रवेशाच्या वर्षी १ ऑगस्टला वय २४ वर्षांच्या आत असावे लागते. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे. म्हणजे पस्तिशी ओलांडलेल्यांसाठी ते दार बंदच आहे. दोन वर्षांच्या एम.डेस. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मात्र वयाची अट नाही आणि कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश परीक्षा देऊ शकतो, त्यामुळे वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पंधरा वर्षे बँकेत काढलेली व्यक्तीसुद्धा कागदोपत्री पात्र ठरते. अडचण पुढे येते. निफ्टचे मुंबई केंद्र खारघरला आहे. समृद्धी महामार्ग झाला म्हणून सातशे किलोमीटर काही कमी होत नाहीत, आणि दोन वर्षे घराबाहेर राहण्याचा खर्च शिक्षण शुल्काच्या वर वेगळा मोजावा लागतो. शिवाय एम.डेस. हा डिझाइनच्या विचारपद्धतीचा आणि संशोधनाचा अभ्यासक्रम आहे. सुई-कात्रीची ओळख तेथे करून घेऊ, अशा अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही फॅशन डिझाइनची पदवी घेता येते. घर न सोडता पदवी हवी असलेल्यांनी त्यांची चौकशी अवश्य करावी, मात्र बारावी होऊन आलेल्या मुलामुलींसोबत तीन-चार वर्षे पूर्णवेळ बसण्याची तयारी ठेवावी.

माझ्या मते या वयात पदवी दोनच प्रकारच्या लोकांनी घ्यावी. ज्यांना पुढे शिकवायचे आहे त्यांनी, आणि ज्यांना मुंबई-बंगळूरच्या कंपन्यांत नोकरी हवी आहे त्यांनी. चाळिशीत सुरुवात करून जगभर नाव कमावलेल्यांचा दाखला देताना अमेरिकन डिझायनर वेरा वँगचे नाव हमखास निघते. तिने १९९० साली वधूवेशांचे दुकान काढले तेव्हा ती चाळिशीत होती हे खरेच. पण त्याआधी ती ‘व्होग’ मासिकात अनेक वर्षे संपादन विभागात होती आणि नंतर राल्फ लॉरेन या फॅशन कंपनीत काम करून आली होती, ही अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते.

खरी तुलना उरलेल्या दोन वाटांची आहे. आयटीआयमध्ये शिवणकाम तंत्रज्ञान आणि फॅशन डिझाइन व तंत्रज्ञान असे दोन अभ्यासक्रम येतात. दोन्ही एक वर्षाचे असून दुसऱ्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे लागते. महाराष्ट्रात आयटीआय प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते, आणि ठाऊक असली तरी मुलाच्या वयाच्या विद्यार्थ्यांत बसायचे कसे, या संकोचापोटी ती सोडून दिली जाते. शासकीय संस्थेचे शुल्क खासगी संस्थांच्या मानाने नगण्य असते, अभ्यास टप्प्याटप्प्याने होतो आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवर मान्य असलेले प्रमाणपत्र हाती पडते. उणीव एकच, पण मोठी आहे : वर्ग दिवसा भरतात, त्यामुळे नोकरी सांभाळून तेथे शिकणे जवळपास अशक्य आहे.

मास्टरजींकडे वेळ आपल्या सोयीने ठरवता येतो, पण अभ्यासक्रम नसतो. आज ब्लाउज, उद्या कुर्ता, परवा नुसतीच तुरपाई. तरीही मापात थोडा फरक पडला की कपडा अंगावर कसा बोलतो, हे शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. मुंढ्याचेच, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचेच, पाहा. हात वर केला की ब्लाउज पोटावरून वर चढतो, अशी तक्रार आली की नवखा माणूस मुंढा खाली खोल करतो, कारण जागा वाढवली की हात मोकळा होईल असे त्याला वाटते. होते उलटे. मुंढा जितका खाली जाईल तितका बाहीबरोबर सगळा कपडा वर ओढला जातो. तो काखेजवळ नेमका बसवून बाहीचा घेर आणि गोलाई दुरुस्त केली तर हात सहज उचलता येतो. हे वहीत लिहून घेता येते, पण मांजरपाटाचा नमुना कापून, टाचण्या लावून, समोरच्या व्यक्तीला हात वर करायला सांगितल्याशिवाय खरेच कळत नाही. लग्नाच्या ब्लाउजला बाजूच्या शिवणीत एवढी माया, म्हणजे जादा कापड, का सोडायची आणि उरेब (तिरकी) पट्टी कापताना कापड किती ताणायचे, हेही तेथे पाहून पाहूनच हाताला येते.

या पद्धतीचा तोटा असा की ज्यांचा हात चांगला असतो त्या सर्वांना शिकवता येतेच असे नाही, आणि काही जण ‘हे असेच असते’ म्हणून प्रश्न संपवतात. का असते ते सांगणारा मास्टर मिळाला तर दूरचा असला तरी तोच धरावा. त्याचा मोबदला सुरुवातीलाच ठरवून घ्यावा. फुकट शिकणाऱ्याला काज-बटणाच्या पुढे फारसे कोणी नेत नाही.

पैशाच्या दृष्टीने पाहिले तर मास्टरजींच्या वाटेला एक जोड मिळू शकते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपये कर्ज अशी तरतूद आहे. मात्र ती आधीपासून या व्यवसायात स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी आहे, आणि शासकीय सेवेतील व्यक्ती व तिचे कुटुंबीय तीत बसत नाहीत. पती किंवा पत्नी सरकारी नोकरीत असेल तर हा हिशेब धरूच नये.

कोणतीही वाट घेतली तरी शेवटी काम कोणासाठी करायचे, हा प्रश्न उरतो आणि नागपूरच्या बाबतीत त्याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. येथे डिझायनर म्हणून पगारी नोकऱ्या थोड्या आणि लग्नसराईचे काम भरपूर. गांधीबाग-इतवारीतून कापड आणून ब्लाउज, घागरे आणि मुलांचे कपडे शिवून देणाऱ्यांत गर्दीही तेवढीच आहे, त्यामुळे वेगळेपण हवे असेल तर ते कापडात शोधलेले बरे. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झालेल्या या शहराभोवती अजूनही हातमाग आहे. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांचे टसर रेशीम आणि करवतीच्या दातांसारख्या काठाची करवतकाठी साडी ही विदर्भाची स्वतःची मिळकत आहे. पण टसर सुती कापडासारखे वागत नाही. कापल्याबरोबर कडेचे धागे सुटू लागतात आणि चुकीची शिवण उसवली तर सुईची छिद्रे दिसत राहतात. ते हाताळायचे तर कटिंग आधी पक्के हवे.

म्हणून ज्याला एक वर्ष पूर्ण मोकळे करता येते त्याने आयटीआयचा फॅशन डिझाइन व तंत्रज्ञान अभ्यासक्रम धरावा, आणि ज्याला नोकरी सोडता येत नाही त्याने संध्याकाळी मास्टरजींकडे जावे, असे मी सुचवीन. एम.डेस.चा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांनीही प्रवेश परीक्षेच्या आधी यांपैकी काहीतरी करावे. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन गुणवत्ता यादीने होतात, त्यामुळे गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला उन्हाळ्यातच शोधून ठेवावा. मास्टरजींकडे शिकवण्याचा विषय काढायचा तर तुळशीच्या लग्नानंतर किंवा एप्रिल-मे महिन्यांत काढू नये. तेव्हा ते ग्राहकाशीही धड बोलत नाहीत. पितृपक्षात नवे कपडे शिवायला फारसे कोणी येत नाही आणि दुकानात बसून चार गोष्टी विचारायला त्यांना सवड असते.