क्रेन तिरकी का धावते : एचओ ओव्हरहेड क्रेनचं किट आठ महिने चालवल्यानंतर

पावसाळा लागला आणि मॉडेल क्रेनचा पूल, म्हणजे दोन रुळांवरून धावणारा तिचा आडवा भाग, सहाव्या खांबापाशी अडकला. मोटर फिरतेय, शाफ्ट फिरतोय, पण एका बाजूची चाकं जागच्या जागी घसरतायत आणि दुसऱ्या बाजूच्या पुढच्या चाकाची कड रुळाच्या माथ्यावर चढून बसलेली. बोट फिरवलं तर रुळावर प्लॅस्टिकची काळपट भुकटी लागते. हे किट घेणाऱ्याने बाकीचं वाचलं नाही तरी हरकत नाही, पण तिरकेपणाचा हा भाग जरूर वाचावा.

किट सगळ्यांच्या पाहण्यातलंच आहे. एचओ, म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापाचं. दुहेरी गर्डर (पुलाच्या आडव्या तुळया), १८० मिमी स्पॅन (दोन रुळांमधलं अंतर), गँट्रीची (खांबांवरच्या रुळांची) लांबी ६०० मिमी. किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याचं कास्टिंग यार्ड, मधून साइडिंग (कारखान्यात येणारा आगगाडीचा फाटा), वर इओटी (विजेवर चालणारी ओव्हरहेड) क्रेन, असा देखावा. खांबांची उंची १०५ मिमी ठेवली, म्हणजे प्रत्यक्षातले नऊ मीटर झाले. वाघीण आणि तिच्यावरचं कास्टिंग धरूनही हूक मोकळा फिरतो. दिसायला किट उत्तम आहे. रिव्हेट, जिने, केबिन, कशातच खोट नाही. अडचण आहे ती फक्त पूल सरळ धावण्याची, आणि मॉडेल चालवायचं असेल तर तीच सगळ्यात मोठी.

पहिल्या महिन्यात दोष चाकांचा वाटला. व्हर्नियरने मोजली तर एक ८.० मिमी, समोरचं ८.१. फरक नगण्य वाटतो, पण दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर आहेत. एका फेऱ्याला ०.३१ मिमीचा फरक, ६०० मिमी धावेत जवळजवळ २४ फेरे, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बाजू साडेसात मिलिमीटर पुढे जायला बघते. कड रुळाला टेकेपर्यंत जाते, पुढे घासत राहते. विक्रेत्याला फोटो आणि मापं पाठवली. उत्तर आलं की एवढा फरक चालतो, बदलून हवं असेल तर चाकांसकट पूर्ण संच विकत घ्या. चार चाकांसाठी तेवढे पैसे घालणं पटलं नाही. कुपवाडला लेथवर पितळेची चार चाकं एकाच रॉडवर, एकाच सेटिंगमध्ये काढून घेतली. मजुरी त्या संचाच्या चौथ्या हिश्शातही बसली नाही. उन्हाळाभर पूल चांगला चालला, म्हणून चाकांना दोष देऊन विषय संपला असं वाटलं.

आता तो दोष निम्मा मागे घ्यावा लागतो. पितळी चाकं असूनही जूनमध्ये पूल पुन्हा तिरका झाला. खरं कारण एंड कॅरेजमध्ये, म्हणजे पुलाच्या दोन्ही टोकांना चाकं धरणाऱ्या चौकटींमध्ये आहे. किटमध्ये पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १८ मिमी आहे, म्हणजे स्पॅनच्या दहाव्या भागाइतकं. खऱ्या क्रेनमध्ये हे अंतर स्पॅनच्या निदान सातव्या भागाइतकं ठेवतात, ते उगाच नाही. हिशेब सोपा आहे. चाकाची कड आणि रूळ यांत एकूण १ मिमी ढिलाई असेल, तर ती भागिले १८, गुणिले १८०, म्हणजे पुलाचं एक टोक दुसऱ्याच्या १० मिमी पुढे जाऊ शकतं. चाकांतलं अंतर ३० मिमी केलं आणि ढिलाई ०.४ वर आणली, तर हाच आकडा २.४ मिमीवर येतो. डोळ्याला तो जाणवतही नाही.

पावसाने नेमकी ही ढिलाई वाढवली. पाया एमडीएफचा, आणि साइडिंगचा रूळ बसवायला मधे खाच कापलेली. त्या खाचेची कड कच्ची राहिली, ओल धरून फुगली. खांबाची तळपट्टी १० मिमी रुंद. तिची आतली कड ०.१ मिमी उचलली गेली की १०५ मिमी उंचीवर खांबाचा माथा १ मिमी बाहेर झुकतो. सहाव्या खांबाशी रुळांमधलं अंतर मोजलं, ते जवळपास तेवढंच वाढलेलं. एक मिलिमीटरची ढिलाई दोन झाली, तिरकेपणा दुप्पट झाला, कड रुळावर चढली.

उपाय तिन्ही एकदम करावे लागले, एकट्या-दुकट्याने भागत नाही. नवीन एंड कॅरेज २ मिमी पितळी पट्टीचे केले. दोन्ही पट्ट्या एकावर एक घट्ट आवळून भोकं एकाच वेळी पाडायची, नाहीतर चारही धुऱ्या समांतर येत नाहीत. दुसरा उपाय चाकांचा. एका बाजूची दोन चाकं दोन्हीकडे कड असलेली, समोरची दोन सपाट आणि रुंद. पुलाला दिशा एकाच रुळाने द्यायची. समोरचा रूळ फक्त वजन पेलतो, मग तो थोडा आत-बाहेर झाला तरी बिघडत नाही. तिसरा, खांब एमडीएफवर चिकटवायचे नाहीत. ३ मिमी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर एम-२ स्क्रूने बसवायचे, आणि दोन्ही ओळींच्या पट्ट्या पायाखालून आडव्या पट्ट्यांनी जोडायच्या. कापलेल्या प्रत्येक कडेला व्हार्निशचे दोन हात द्यायचे. सांगली-मिरजेच्या पावसात हे टाळून चालणार नाही.

गर्डर घरी थ्री-डी प्रिंट करणाऱ्यांसाठी : पीएलए नको. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात वजनाखालचा गर्डर त्याच्या कितीतरी आधी वाकायला लागतो. एबीएस किंवा सरळ पितळी चॅनल घ्यावं.

मोटरबद्दल. २८बीवायजे-४८ स्टेपर स्वस्त आहे, पण तिचा २८ मिमी व्यास म्हणजे एचओमध्ये अडीच मीटरचा डबा, पुलावर लपत नाही. एन-२० गिअर मोटर १० बाय १२ मिमीची, केबिनमागे बसते. खरी क्रेन मिनिटाला ३० मीटर धरली तर मॉडेलमध्ये सेकंदाला पावणेसहा मिलिमीटर, आणि ८ मिमी चाकाला सुमारे १४ आरपीएम. १२ व्होल्टची ३० आरपीएम मोटर डीसीसी (मॉडेल रेल्वेचं डिजिटल नियंत्रण) डिकोडरने निम्म्यावर चालवली की वेग बरोबर बसतो. १०० आरपीएमची घेऊ नये. तिला तेवढं हळू चालवायला गेलं की ती गचके देते आणि हुकाचा लंबक होतो.

डीसीसीचा मोठा फायदा असा की करंट आणि हुकूम दोन्ही दोनच तारांतून जातात. त्यामुळे डीएसएलच्या (क्रेनला वीज देणाऱ्या, गँट्रीलगतच्या उघड्या) दोन तारांत लाँग ट्रॅव्हल (पुलाची धाव), क्रॉस ट्रॅव्हल (हुकाची पुलावरची धाव) आणि होइस्ट (हूक वर-खाली करणं) तिन्ही भागतात. किटमधली तार मऊ तांब्याची आहे, आठवड्याभरात लोंबते. तिच्याऐवजी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तंबोऱ्याची पितळी तार आणली. या सगळ्या प्रकल्पात सर्वात समाधान दिलं ते या तारेने. ती ताणली की ताठ राहते. एका टोकाला बारीक स्प्रिंग लावली की उन्हाळ्यातही ढिली पडत नाही. फॉस्फर ब्राँझचे कलेक्टर प्रत्येक तारेवर दोन ठेवावेत, पुलाच्या पुढे एक, मागे एक. एकाचा संपर्क सुटला तरी डिकोडर रीसेट होत नाही. तार काळवंडते, महिन्यातून एकदा स्पिरिटच्या फडक्याने पुसावी.

हूक ब्लॉक किटमधला प्लॅस्टिकचा, कापसासारखा हलका. खाली सोडला की दोरा ड्रमवर ढिला होऊन गुंततो. ब्लॉक पोकळ करून आत शिशाच्या गोळ्या भरल्या, ६ ते ८ ग्रॅम झाला, गुंता थांबला. शिवणाचा दोरा वापरू नये, त्याला पीळ असतो आणि हूक गोल फिरतो. मासेमारीची विणलेली दोरी घ्यावी. तिची दोन्ही टोकं ड्रमच्या दोन टोकांना बांधून मधला भाग ब्लॉकच्या पुलीखालून न्यावा, म्हणजे हूक बाजूला न सरकता सरळ उभा वर येतो. खऱ्या होइस्टच्या ड्रमवर डाव्या-उजव्या खाचा असतात त्या याचसाठी.

साखर कारखान्याच्या गव्हाणीवरची ऊस उतरवणारी क्रेन करायचा विचार असेल तर हेच किट चालेल, पण तिथे मोळी दोन स्लिंगवर उचलतात, ब्लॉक रुंद आणि आणखी जड लागेल.

एक काम अजून बाकी आहे. केबिन आणि मोटर एकाच टोकाला असल्याने त्या बाजूच्या चाकांवर वजन जास्त पडतं आणि हलकी बाजू सुरुवातीला किंचित घसरते. तिकडच्या गर्डरच्या पोटात १५ ग्रॅम शिसं चिकटवून पाहिलं. घसरण कमी झाली, थांबली नाही. आता ते वजन थेट एंड कॅरेजमध्ये, दोन चाकांच्या बरोबर मधे बसवायचं आहे.