नारळ घरचे, गोड कुठलं करायचं?

गणपतीत पहिल्या दिवशी मोदक ठरलेलेच. प्रश्न तिसऱ्या दिवशी पडतो. मुंबईची मंडळी घरात, पडवीत सोललेले नारळ, आणि काहीतरी नवं करायची हौस. नारळाचे चार परदेशी गोड पदार्थ मी करून पाहिलेत. कुठला कधी करावा, ते सांगते.

इंडोनेशियाचं क्लेपोन वाचलं तेव्हा वाटलं, हा तर आपला मोदकच उलटा केलेला: गूळ आत, खोबरं बाहेर. तांदळाच्या पिठाची छोटी गोळी, पोटात माडाच्या गुळाचा खडा. उकळत्या पाण्यात सोडायची, वर तरंगली की काढून ओल्या खोबऱ्यात घोळवायची. मी मोदकाचंच पीठ घेतलं आणि तिथेच फसले. गोळ्यांना चिरा गेल्या, गूळ पाण्यात उतरला, पातेल्यात तपकिरी पेज उरली. याला चिकट तांदळाचंच पीठ लागतं. त्या तांदळात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जवळजवळ नसतं, म्हणून पारी ताणली तरी फुटत नाही. ते पीठ मिळालं तरच या वाटेला जा. मग मात्र दाताखाली फुटणारा तो पातळ गूळ विसरणार नाही. खोबऱ्याला चिमूटभर मीठ लावून वाफ द्या, लवकर आंबत नाही.

माझं सगळ्यांत आवडतं श्रीलंकेचं वटलप्पम. तिथल्या मलय लोकांचा हा पदार्थ, ईदला मुस्लिम घरांत हटकून होतो. त्यात पडतो कितुलचा गूळ, आणि कितुल म्हणजे आपला भेरली माड! आपण त्याची माडी काढतो, ते रस आटवून गूळ करतात. आपल्याकडे तो मिळत नाही, पण काळसर उसाच्या गुळावर छान होतं. पाव किलो गूळ, दोन वाट्या नारळाचा दाट रस, पाच अंडी, वेलची, जायफळ. गूळ रसात विरघळवून पूर्ण गार होऊ द्या, मगच फेटलेली अंडी घाला, नाहीतर अंडं शिजून गुठळ्या होतात. गाळून मंद आचेवर वाफवा. खरवसाची आठवण येते. अंड्यामुळे गणपतीत नाही, पण एरवी पाहुण्यांना हेच करा.

मग गणपतीत काय? प्वेर्तो रिकोचं टेंब्लेके. तिथे ते नाताळात करतात. चार वाट्या नारळाचा रस, अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, तेवढीच साखर, मीठ. गारच ढवळून घ्या, मग आचेवर दाट होईपर्यंत हात थांबवू नका. साच्यात ओतून चार तास फ्रीजमध्ये, वर दालचिनी. थरथरतं म्हणून हे नाव. नैवेद्याला चालतं, मुलांनाही आवडतं.

थायलंडचा आंबा-भात मे महिन्यासाठी ठेवा. त्यालाही चिकट तांदूळच हवा, रात्रभर भिजवून वाफवलेला. गरम असतानाच त्यात साखर-मीठ घातलेला नारळाचा रस मुरवायचा. शेजारी हापूसच्या फोडी घ्या, पायरी नको, तिचा रसच होतो.