गेमसाठी नागपूरचा नकाशा: गिंप, क्रिटा की फोटोशॉप?

चित्रांचं सॉफ्टवेअर निवडण्याआधी एक गोष्ट बघा: तुमचा गेम नक्की कोणती फाइल मागतो? जमिनीच्या उंचीची करडी फाइल, प्रांतांची रंगीत फाइल, की नुसतं बघायचं चित्र? तिन्ही कामं तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये होतात, पण प्रत्येकाची दगा देण्याची जागा वेगळी आहे. आणि दगा झाल्याचं कळतं ते फाइल गेममध्ये टाकल्यावर, म्हणजे सगळी मेहनत करून झाल्यावर.

पैशाचं आधी उरकू. गिंप आणि क्रिटा फुकट आहेत, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतात. फोटोशॉपला वर्गणी लागते आणि रॅम किमान ८ जीबी. फोटोपी ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि फोटोशॉपच्या पीएसडी फाइली उघडतं, पण ते दुसऱ्याची फाइल बघण्यापुरतं ठेवा.

उंचीचा नकाशा

खरा कस इथे लागतो. शहर वसवायच्या 'सिटीज: स्कायलाइन्स' या गेमच्या पहिल्या भागाचं उदाहरण घ्या. त्याला १०८१ × १०८१ पिक्सेलची, १६ बिट ग्रेस्केल फाइल लागते. दोन पिक्सेलमधलं अंतर १६ मीटर, म्हणजे नकाशाची बाजू १७.२८ किलोमीटर. अंबाझरी तलावापासून पारडीपर्यंतचं शहर त्यात आरामात बसतं. पूर्ण काळा म्हणजे ० मीटर, पूर्ण पांढरा म्हणजे १०२४ मीटर.

आता बिटचा हिशेब. १६ बिटमध्ये करड्या रंगाच्या ६५,५३६ पायऱ्या असतात, म्हणजे मीटरमागे ६४. ८ बिटमध्ये फक्त २५६, म्हणजे एक पायरी थेट ४ मीटरची. हिमालयाच्या नकाशात ४ मीटर कुठे लपले ते कळतही नाही. नागपूर मात्र सपाट. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. नकाशातला सगळा चढउतार ८० मीटर धरला, तरी ८ बिटमध्ये त्याला जेमतेम २० पायऱ्या मिळतात. मग सेमिनरी हिल्सचा उतार गेममध्ये विहिरीच्या पायऱ्यांसारखा दिसतो आणि त्यावर टाकलेला रस्ता दर पायरीला उडी मारतो. अशी फाइल नंतर १६ बिटमध्ये बदलून काही होत नाही, कारण गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. फाइल सुरू करतानाच १६ बिट निवडा. गिंपमध्ये नवीन फाइल आपसूक ८ बिटचीच उघडते, प्रिसिजन, म्हणजे बिटची निवड, हाताने बदलावी लागते.

मूळ माहिती नासाच्या एसआरटीएममधून, म्हणजे अवकाशातून मोजलेल्या जमिनीच्या उंच्यांमधून घ्या, ३० मीटरच्या पिक्सेलची. ती चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडली तर चित्र काळंकुट्ट दिसतं. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात ३१० हा आकडा मीटर म्हणून असतो आणि ६५,५३५ पैकी ३१० म्हणजे डोळ्यांना काळाच. आधी क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तिला यूटीएम झोन ४४ उत्तरमध्ये, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत आणा, पिक्सेल १६ मीटरचा ठेवा, १०८१ × १०८१ कापा, रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये ६४ ने गुणा आणि बिनचिन्हाच्या १६ बिट पूर्णांकात काढा. ३१० मीटरची जागा आता १९,८४० झाली.

क्यूजीआयएसचा कंटाळा करून थेट चौकोन कापणाऱ्यांचं शहर आडवं फुगतं. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. तिथे एसआरटीएमचा पिक्सेल उत्तर-दक्षिण सुमारे ३०.७ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २८.८ मीटर भरतो. म्हणजे १७.२८ किलोमीटरसाठी ५६२ ओळी आणि ५९९ स्तंभ कापायला हवेत. ५६२ × ५६२ कापून ताणलं की शहर सुमारे सात टक्के रुंद होतं. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी चपटी का दिसते याचं उत्तर बहुधा हेच असतं.

इथून पुढे चित्राच्या सॉफ्टवेअरचं काम. एसआरटीएमच्या उंच्या पूर्ण मीटरमध्ये असतात, त्यामुळे सपाट भागात एक-एक मीटरच्या बारीक पायऱ्या राहतात. एक-दोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर, तोही १६ बिटमध्येच, त्यांना पुरतो. नाग नदीचं पात्र मात्र ३० मीटरच्या माहितीत उमटतच नाही, ते हाताने कोरावं लागतं. वर एक नवी लेयर घ्या, मोड 'सबट्रॅक्ट', ब्रश दोन पिक्सेलचा. पाच मीटर खोलीसाठी रंगाची किंमत ५ × ६४, म्हणजे ३२०. रेघेवर रेघ गेली तरी पात्र जास्त खोल होत नाही, कारण लेयरवर रंग तोच राहतो.

हे कोरणं क्रिटात सर्वात सुखाचं. 'स्पेसिफिक कलर सिलेक्टर'मध्ये ३२० हा आकडा सरळ टाकता येतो आणि ब्रशला स्थिरता देता येते. पीएनजी काढताना अल्फा चॅनेलची, म्हणजे पारदर्शकतेची खूण पुसायला विसरू नका. रंगप्रोफाइल मध्येच बदललं तर आकडे बदलतात, म्हणून त्याला हात लावू नका.

गिंपमध्ये दोन जागी घोळ होतो. प्रिसिजनमध्ये 'लिनिअर लाइट' निवडू नका, 'परसेप्च्युअल'च राहू द्या. आणि सबट्रॅक्ट लेयरची 'ब्लेंड स्पेस'ही परसेप्च्युअल करा, नाहीतर ३२० वजा केल्यावर पाच मीटरऐवजी भलतंच काही मिळतं. पीएनजी काढताना पिक्सेल फॉरमॅट १६ बिट ग्रे निवडा.

फोटोशॉपचा सापळा सर्वात लबाड. रंगीत चित्र ग्रेस्केल करताना ते करड्या रंगांना आपलं ग्रे प्रोफाइल लावतं, आणि अनेकांच्या मशीनवर ते 'डॉट गेन २०%' असतं. ते छपाईसाठीचं आहे. त्याने उंचीचे आकडे सरकतात, टेकडी दबते किंवा उगाच वर येते. कलर सेटिंग्जमध्ये ग्रेसाठी 'एसग्रे' निवडल्याशिवाय कामाला लागू नका. शिवाय त्याच्या १६ बिटमध्ये प्रत्यक्षात ३२,७६९ पायऱ्याच असतात. पण एक पायरी तीन सेंटिमीटरची पडते, तेवढ्यावरून भांडायचं कारण नाही.

निव्वळ उंचीच्या नकाशासाठी फोटोशॉपची वर्गणी भरू नये. क्रिटा घ्या. गिंप आधीपासून हातात बसलेलं असेल तर तेही पुरेसं आहे.

प्रांतांचा नकाशा

'हार्ट्स ऑफ आयर्न ४'सारख्या गेममध्ये चित्र उलट्या तऱ्हेने चालतं. तिथे रंग हाच प्रांताचा ओळख क्रमांक. नागपूर जिल्ह्याचे १४ तालुके प्रांत करायचे तर बरोबर १४ रंग आणि पार्श्वभूमीचा एक, याहून एकही जास्त नाही. फाइल २४ बिट बीएमपी, लांबी-रुंदी २५६ च्या पटीत. प्रत्येक रंगाचे आकडे 'डेफिनिशन डॉट सीएसव्ही'मध्येही तंतोतंत तेच हवेत.

इथला शत्रू म्हणजे कडा मऊ करणारं अँटी-एलियासिंग. काटोल आणि कळमेश्वर यांच्या सीमेवर दोन रंगांची सरमिसळ होऊन शेकडो नवे रंग तयार होतात आणि गेम प्रत्येकाला अनोळखी प्रांत समजतो.

या कामात गिंप पुढे आहे. ब्रश नको, पेन्सिल वापरा. बकेट फिलमध्ये अँटी-एलियासिंग बंद, थ्रेशोल्ड ०. निवडीच्या साधनांतही तेच. आकार बदलताना इंटरपोलेशन 'नन'. शेवटी 'कलर्स'मधल्या 'इन्फो'त जाऊन 'कलरक्यूब अॅनालिसिस' चालवा, चित्रात किती वेगळे रंग आहेत ते ते सांगतं. १४ तालुके आणि एक पार्श्वभूमी असताना आकडा १५ च्या वर गेला, तर कुठेतरी कड मऊ झाली आहे. बीएमपी काढताना रंगावकाशाची माहिती लिहू नये ही खूण करा आणि २४ बिट निवडा. ती माहिती राहिली तर फाइल सगळीकडे नीट उघडते आणि गेममध्येच अडते.

फोटोशॉपमध्येही पेन्सिल आणि 'निअरेस्ट नेबर' आहेत. रंग मोजायला फाइलच्या प्रतीवर इंडेक्स्ड मोडचं (ठरावीक रंगांच्या यादीवर चालणाऱ्या) 'एग्झॅक्ट' पॅलेट वापरा, २५६ पर्यंत चालतं.

क्रिटात पिक्सेल आर्टचे ब्रश आहेत, पण इंडेक्स्ड मोडच नाही. आणि या गेमला भूप्रदेशाची फाइल ८ बिट इंडेक्स्ड लागते, रंगांच्या क्रमासकट. तिथे क्रिटा बाद. गिंपमध्येही अशी फाइल आरजीबीत नेऊन परत आणली की क्रम विस्कटतो. मूळ पॅलेट वापरा आणि न वापरलेले रंग काढून टाकायच्या पर्यायावरची खूण पुसा.

नुसतं चित्र

टेबलावर खेळायच्या गेमचा, हाताने रंगवलेला नकाशा असेल तर क्रिटा, फार विचार नको. 'डब्ल्यू' दाबलं की कॅनव्हास चारी बाजूंनी जोडला जातो आणि गवताचा, पाण्याचा बिनजोड तुकडा समोरच तयार होतो. ए-३ ला ३०० डीपीआयने ३५०८ × ४९६१ पिक्सेल धरा. सीताबर्डीवर छापायला द्यायचं असेल तर क्रिटात छपाईच्या चार रंगांची सीएमवायके फाइल सुरुवातीपासूनच उघडता येते.

पावसाळ्यात वीज जाते आणि डेस्कटॉपला यूपीएस नसतो अशी घरं नागपुरात कमी नाहीत. क्रिटा आणि फोटोशॉप ठरावीक वेळाने आपोआप जतन करतात, गिंप करत नाही. गिंपवाल्यांनी कंट्रोल-एसची सवय लावून घ्यावी.

नावं मराठीत लिहायची असतील तर आधी एकच चाचणी करा: 'सीताबर्डी', 'हिंगणा', 'दीक्षाभूमी'. गिंपमध्ये जोडाक्षरं नीट येतात. क्रिटाची ५.२ किंवा नंतरची आवृत्ती घ्या. फोटोशॉपमध्ये रफार भलत्या अक्षरावर बसला किंवा 'हि'ची वेलांटी मागे राहिली, तर परिच्छेदाच्या पर्यायांत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. जुन्या आवृत्तीत टाइपच्या प्राधान्यांत मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाचं इंजिन निवडून सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागतं. ही नावं प्रांतांच्या किंवा उंचीच्या फाइलवर कधीही टाकू नका. एका अक्षराच्या कडेतून जितके करडे रंग निघतात, तितके प्रांत किंवा टेकड्या तयार होतात.